कॉली : रूप देखणे, प्रकृती नाजूक

घरात कुत्रा आणायचे ठरले की मुलांच्या डोळ्यांसमोर बहुधा एक चित्र तयारच असते. लांब निमुळते तोंड, टोकाशी किंचित मुडपलेले कान, गळ्याभोवती पांढरीशुभ्र झालर आणि चालताना अंगभर लहरणारे सोनेरी केस. हा कॉली. त्याला जगभर घरोघरी नेले ते लॅसीने. एरिक नाइट यांची लॅसीवरची कादंबरी १९४० साली प्रसिद्ध झाली, १९४३ मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला आणि १९५४ पासून पुढे जवळजवळ वीस वर्षे दूरचित्रवाणीवर मालिका चालली. परिस्थितीपायी विकली गेलेली कुत्री शेकडो मैल तुडवत आपल्या छोट्या मालकाकडे परत येते, ही गोष्ट ज्याने पाहिली त्याला कॉली म्हणजे निष्ठेचा पुतळाच वाटू लागला.

बेंगळुरूतल्या कुटुंबांना हा मोह जरा जास्तच होतो. मुंबई-नागपूरच्या माणसाने केसाळ कुत्र्याचा विचार केला की घरचेच म्हणतात, ‘‘इथल्या उकाड्यात त्याचे हाल होतील.’’ बेंगळुरू मात्र समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर. संध्याकाळी वारा सुटतो, डिसेंबरात स्वेटर निघतात. मग नोकरीनिमित्त पुण्या-कोल्हापूरहून तिथे स्थायिक झालेल्या मराठी घरातही ‘इथे तर कॉली सहज राहील’ असा विचार मूळ धरतो.

राहतो, यात शंका नाही. पण दोन अटींवर. एक म्हणजे त्याच्या स्वभावाला जे लागते ते घराने द्यायला हवे. आणि दुसरी अट अशी, की त्याच्या शरीरातली एक उणीव घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला तोंडपाठ असायला हवी. ती माहीत नसेल तर गोचीड-खरजेवरचे एक नेहमीचे इंजेक्शन या कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते. केसांच्या निगेची पुस्तके ढीगभर मिळतात. या दुसऱ्या गोष्टीबद्दल मात्र पिल्लू विकणारा सहसा अवाक्षर काढत नाही.

राखणारा नव्हे, वळणारा

कॉली मूळचा स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडमधल्या मेंढपाळांचा. धनगर आणि कुत्रा ही जोडी आपल्याला नवी नाही. पण आपल्या धनगराचा कुत्रा आणि कॉली यांच्या कामात मोठा फरक आहे. आपल्याकडे माळावर लांडगा असतो. वाड्याभोवती रात्रभर फिरून, परक्यावर तुटून पडून मेंढरे राखणे हे आपल्या कुत्र्याचे काम. ब्रिटनमधून लांडगा कित्येक शतकांपूर्वीच नाहीसा झाला. तिथल्या कुत्र्याला झुंजायचे नव्हते. डोंगरउतारावर पांगलेली मेंढरे गोळा करून धन्याच्या एका शिट्टीसरशी हव्या त्या दिशेला वळवायची होती. म्हणजे आपला कुत्रा राखणारा, तर कॉली वळणारा.

त्याचा सारा स्वभाव या एका गोष्टीतून उलगडतो. मेंढीला चावणारा कुत्रा मेंढपाळाच्या काहीच कामाचा नव्हता, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या मऊ स्वभावाचेच कुत्रे पैदाशीला ठेवले गेले. धन्याच्या आवाजातला बारीकसा चढउतार ओळखणे ही त्याची रोजची गरज होती, म्हणून तो माणसाच्या चेहऱ्याकडे सतत पाहत असतो. आणि कळपातले एखादे जनावर बाजूला गेले की त्याला चैन पडत नसे. आज कळप नाही, पण तीच बेचैनी घरच्या माणसांच्या वाट्याला येते. आजी देवघरात, मुले गॅलरीत आणि आई स्वयंपाकघरात असली की कॉली या तीन ठिकाणी फेऱ्या मारत राहतो. सगळे एका खोलीत जमले की मगच अंग टाकून निवांत झोपतो.

१८६०च्या दशकात राणी व्हिक्टोरियाने बाल्मोरलच्या मुक्कामात हे कुत्रे पाहिले, पाळले आणि डोंगरातला हा कष्टकरी राजवाड्यात आला. मग त्याचे केस वाढवण्याची, तोंड अधिक निमुळते करण्याची हौस सुरू झाली. आज दिसतो तो उंच, भरघोस केसांचा रफ कॉली हे त्या हौसेचे फळ आहे. त्याचाच आखूड केसांचा भाऊ म्हणजे स्मूद कॉली. स्वभाव तोच, विंचरण्याचे कष्ट कितीतरी कमी. पण लोकांना झालर हवी असते, त्याला काय करणार?

इथे एक घोटाळा टाळायला हवा. बॉर्डर कॉली ही वेगळी जात आहे. स्टॅन्ली कोरेन यांनी १९९४ साली कुत्र्यांच्या बुद्धिमत्तेची जी क्रमवारी मांडली तिच्यात बॉर्डर कॉली पहिला होता; आपला रफ कॉली सोळावा. अमेरिकेतल्या चेसर नावाच्या बॉर्डर कॉली कुत्रीला हजारावर खेळण्यांची नावे ओळखता येत होती. हे वाचून अनेक तरुण जोडपी बॉर्डर कॉली घेतात. दिवसभर दोघेही कामावर आणि हा दोन खोल्यांत बंद! इतक्या तल्लख, दिवसभर पळण्यासाठी घडलेल्या कुत्र्याला काम मिळाले नाही की तो स्वतःच काम शोधतो. सोफ्याचा कापूस काढणे हेही त्याच्या दृष्टीने कामच असते. लेकुरवाळ्या घराला रफ कॉली त्या मानाने पुष्कळच सोयीचा.

मुलांशी गट्टी, पण टाच सांभाळा

लहान मुलांबरोबर कॉलीचे जमते, ही ख्याती खरी आहे. तो सहसा गुरगुरत नाही. खोड्या सहन करतो आणि अगदीच नकोसे झाले तर उठून दुसरीकडे जातो. मुले पळू लागली की मात्र त्याच्यातला मेंढक्या जागा होतो. तो त्यांच्याभोवती गोल फिरतो, भुंकतो आणि कधी कधी पळणाऱ्या मुलाच्या टाचेला हलकेच दात लावतो. हा चावा नव्हे; मेंढीला वळवण्याची ती त्याची रीत आहे. पण चार वर्षांच्या मुलाला आणि त्याच्या घाबरलेल्या आईला हा फरक कसा कळावा? पिल्लूपणीच असे केले की खेळ तिथल्या तिथे थांबवावा, मुलांना स्तब्ध उभे राहायला शिकवावे आणि कुत्र्याला ‘बस’ म्हणून बसवावे. पाच-सहा वर्षांखालच्या मुलाला कोणत्याही कुत्र्याजवळ एकटे सोडू नये. कॉलीही त्याला अपवाद नाही.

त्याला शिकवणे सोपे आहे, फक्त आवाज चढवू नका. अल्सेशियन दटावणी पचवतो. कॉली मनाला लावून घेतो. एकदा वर्तमानपत्राची सुरळी पाठीत बसली की दोन दिवस पलंगाखालून बाहेर न येणारा कॉली हा काही दुर्मीळ प्रकार नाही. घरात सतत भांडणे, वरच्या पट्टीतली बोलणी असतील तरी तो कोमेजतो. शाबासकी, एखादा चिकनचा तुकडा नाहीतर पनीरचा चौकोन आणि रोज दहा मिनिटे एवढ्या भांडवलावर तो ‘बस’, ‘थांब’, ‘ये’ हे सारे झटपट शिकतो. मराठीत सांगा, कानडीत सांगा. फक्त घरातल्या सगळ्यांनी एकच शब्द वापरावा.

भुंकणे हा त्याचा मोठा दुर्गुण. मेंढरांना वळवताना आवाज लागायचा, तो आज दारावरच्या घंटेला आणि कुकरच्या शिट्टीला लागतो. गंमत म्हणजे पडद्यावर लॅसी झालेला पाल नावाचा कुत्रा (हो, लॅसीची भूमिका एका नराने केली होती!) शिक्षक रड वेदरवॅक्स यांच्याकडे आला तोच मुळी भुंकण्याची आणि मोटारसायकलींच्या मागे धावण्याची खोड मोडण्यासाठी. बेंगळुरूच्या रस्त्यांवरच्या दुचाकी आठवल्या की पाल इथे जन्मला नाही हे बरेच झाले असे वाटते. म्हणून फिरायला नेताना पट्टा कधीही सोडू नये. कब्बन पार्कसारख्या मोकळ्या जागीसुद्धा नाही.

सदनिकेत राहणाऱ्यांनी शेजाऱ्यांचा विचार आधीच करावा. भारतीय पशु कल्याण मंडळाने फेब्रुवारी २०१५ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार गृहसंस्थांना कुत्रे पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही. पण कायदा आपल्या बाजूने आहे म्हणून शेजारच्या आजोबांची दुपारची झोप रोज मोडावी असे थोडेच आहे? एकटे राहिल्यावर कॉली अधिक भुंकतो. सकाळी आठ ते संध्याकाळी सात घराला कुलूप असणाऱ्या कुटुंबाने ही जात घेऊच नये, हे स्पष्ट सांगितलेले बरे. घरात आजी-आजोबा असतील किंवा कुणी एक जण घरून काम करत असेल, तर गोष्ट वेगळी. व्यायाम फार लागत नाही. सकाळ-संध्याकाळ मिळून तासभर फिरणे पुरते.

बेंगळुरूची हवा आणि तो कोट

‘बेंगळुरू थंड असते’ हे वाक्य आता जरा जपूनच वापरावे. एप्रिल २०१६ मध्ये तिथला पारा ३९ अंशांच्या पुढे गेला होता आणि २०२४च्या एप्रिलमध्येही तो ३८च्या वर होता. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच त्याचा पंखा. मार्च ते मे या काळात फिरणे सकाळी सातच्या आत आणि सूर्य मावळल्यावर. डांबरी रस्त्यावर आपला तळहात टेकवून पाहावा. चटका बसत असेल तर त्याच्या पंजांनाही बसणार. बंद मोटारीत पाच मिनिटेसुद्धा ठेवू नये. धापा थांबेनात, हिरड्या लालबुंद झाल्या, चाल लटपटली तर उष्माघात समजावा. साधे पाणी पोटावर, जांघेत, पंजांवर ओतत, वारा घालत थेट डॉक्टरकडे न्यावे. बर्फ लावत बसू नये.

उन्हाळा आला की अनेकजण कॉलीचे केस मशिनने साफ उतरवतात. हेतू चांगला, परिणाम उलटा. त्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वर लांब, राठ केस आणि आत दाट मऊ लव. हा दुहेरी थर थंडीप्रमाणेच ऊनही अडवतो. तो काढला की गोरी कातडी उघडी पडून भाजते आणि पुन्हा येणारे केस कित्येकदा पूर्वीसारखे येत नाहीत. खरा उपाय कंटाळवाणा आहे : विंचरणे. आठवड्यातून दोनदा, केस गळण्याच्या हंगामात रोज. वरवर ब्रश फिरवून भागत नाही. केसांचे एकेक पदर वर उचलून कातडीपर्यंत फणी पोहोचली पाहिजे, तरच मेलेली लव निघते आणि आत हवा खेळते. कानामागे, काखेत आणि मागच्या मांड्यांवर जटा सर्वात आधी धरतात. या कामाला सुरुवातीला तासभर लागतो. मुलांना शनिवार-रविवार हे काम वाटून द्यावे. टीव्हीसमोर बसून छान होते.

आंघोळ महिन्या-दीड महिन्यातून एकदा बस्स. त्या कोटात पाणी मुरायलाच दोन बादल्या लागतात. २०२४च्या उन्हाळ्यात बेंगळुरूच्या कूपनलिका आटल्या आणि टँकरच्या रांगा लागल्या, तेव्हा केसाळ कुत्र्यांच्या मालकांना याचा हिशेब चांगलाच कळला असेल. त्याहून महत्त्वाचे आहे ते वाळवणे. पावसाळ्यात आतली लव ओलसर राहिली की कातडीवर चिघळणारे चट्टे उठतात आणि कोटाच्या आत असल्यामुळे ते वास येईपर्यंत दिसतही नाहीत. नाकाच्या शेंड्याकडेही लक्ष ठेवावे. काही कॉलींच्या नाकाचा काळा रंग उन्हाने जाऊन तिथे खपल्या धरतात. या जातीत तो इतका दिसतो की त्याला ‘कॉली नोज’ असेच नाव पडले आहे. अशा कुत्र्याला दुपारी गॅलरीत बसू देऊ नये.

खाण्याच्या बाबतीत कॉली नखरेल नाही. नुसता दहीभात किंवा नाचणीवर मात्र त्याला ठेवू नये. अंडी, चिकन, मासे यांतले काही रोज हवे. शाकाहारी घरांनी पशुवैद्याच्या सल्ल्याने तयार आहार द्यावा. चॉकलेट, कांदा, द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्यांना विषासमान असतात. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणेसुद्धा, हे आजीला प्रेमाने समजावून सांगावे.

पिल्लू निवडताना

आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू घेऊ नये. २०१७च्या केंद्रीय नियमांनुसार ते विकताच येत नाही. पिलाची आई पाहायला मागावी; ती भित्री, लपणारी असेल तर परत फिरावे. कॉलीमध्ये डोळ्यांचा एक आनुवंशिक दोष बराच आढळतो. तो सहा ते आठ आठवड्यांच्या वयातच तपासून घेता येतो. निळसर-करड्या ठिपक्यांचा ‘ब्लू मर्ल’ रंग मोहक दिसतो, पण आईबाप दोघेही त्याच रंगाचे असतील तर काही पिले बहिरी, आंधळी निपजतात. अशा जोडीची पिले विकणाऱ्याला नकार द्यावा. हौसेला असा नकार मिळाला तरच हा धंदा थांबेल.

पांढऱ्या पायांचा धोका

आता त्या उणिवेकडे वळू. आयव्हरमेक्टिन हे औषध शोधल्याबद्दल सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. माणसांच्या, गुराढोरांच्या अंगातले जंत आणि परोपजीवी मारणारे हे फार मोलाचे औषध. आपल्याकडे गोचीड, लूत, खरूज यांवर ते इंजेक्शनच्या किंवा गोळीच्या रूपात सर्रास वापरले जाते. बहुतेक कुत्र्यांना ते सोसते. पण १९८०च्या दशकात हे औषध वापरात आले तेव्हाच लक्षात आले, की त्याने कॉली मात्र कोसळतात, बेशुद्ध पडतात, मरतात.

कारण सापडायला २००१ साल उजाडले. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात एमडीआर-१ नावाच्या जनुकातला दोष ओळखला गेला. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत एक प्रथिन पहारेकऱ्यासारखे बसलेले असते. आत शिरू पाहणारी काही औषधे ते परत रक्तात ढकलते. दोष असलेल्या कुत्र्यात हा पहारेकरीच नसतो. दर दहा कॉलींमागे साधारण सात जणांत या जनुकाची निदान एक प्रत सदोष असते. दोन्ही प्रती सदोष असतील तर धोका सर्वाधिक. बॉर्डर कॉलीत हा दोष खूप कमी, पण अगदीच नाही असे नव्हे.

मात्रेचा हिशेब पाहा. हृदयातील जंत होऊ नयेत म्हणून महिन्याला दिली जाणारी मात्रा शरीराच्या किलोमागे सुमारे ६ मायक्रोग्रॅम असते. तेवढी कॉलीला चालते. लुतीसाठी हीच मात्रा किलोमागे ३०० ते ६०० मायक्रोग्रॅमपर्यंत जाते आणि सदोष कॉली साधारण शंभरालाच कोलमडू लागतो. करोनाच्या काळात याच औषधाच्या १२ मिलिग्रॅमच्या गोळ्या घरोघरी आल्या. मे २०२१ मध्ये गोवा सरकारने तर अठरा वर्षांवरच्या सर्वांनाच ते देण्याचे जाहीर केले होते. त्यातली एक गोळी २५ किलोच्या कॉलीच्या पोटात गेली तर किलोमागे ४८० मायक्रोग्रॅम होतात. जुन्या औषधांचा डबा आजच उघडून पाहिलेला बरा. जिथे घोड्यांना, मेंढ्यांना हे औषध दिले जाते तिथली लीद-लेंड्या कॉलीला चाटू देणेही धोक्याचे.

यादी एवढ्यावर संपत नाही. माणसांच्या जुलाबावर दुकानात सहज मिळणारे लोपेरामाइड कॉलीच्या मेंदूपर्यंत पोहोचते. ‘हगवण लागली, अर्धी गोळी देऊ’ हा घरगुती शहाणपणा इथे नको. गुंगी आणणारे एसिप्रोमाझिन आणि ब्युटोर्फॅनॉल यांची नेहमीची मात्रा दिली तर कुत्रा वाजवीपेक्षा फार वेळ गुंगीत राहतो. म्हणून नसबंदीच्या शस्त्रक्रियेआधी भूल देणाऱ्याला सांगावे. गाठींवर दिले जाणारे व्हिन्क्रिस्टिनही मात्रा कमी करूनच द्यावे लागते.

मग गोचिडांचे काय? बेंगळुरूत गोचीडताप भरपूर, तेव्हा बंदोबस्त तर करायलाच हवा. फ्लुरालेनर, अफोक्सोलेनर यांसारखी नवी औषधे या दोषाच्या कुत्र्यांवर तपासलेली आहेत. आपल्या कुत्र्याला त्यातले कोणते, हे पशुवैद्य ठरवतील. फिट्स येणाऱ्या कुत्र्याबाबत ते त्यांना आधी सांगावे. जनुकाची तपासणी गालाच्या आतून फिरवलेल्या बोळ्यावरून किंवा रक्तावरून होते. ती झाली नसेल तर आपला कॉली सदोषच आहे असे धरून चालावे. लसीकरणाच्या पुस्तिकेच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून ठेवावे : ‘कॉली. आयव्हरमेक्टिन देऊ नये.’ संकर झालेल्या, पण पांढरे पाय आणि निमुळते तोंड असलेल्या कुत्र्याच्या पुस्तिकेवरही हेच लिहावे. आणि दवाखान्यात इंजेक्शन भरले जाताना ‘‘यात काय आहे?’’ असे विचारायला संकोच करू नये. चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही. सुट्टीत गावी नेलेल्या कुत्र्याला तिथल्या माणसाने आपुलकीने ‘एक सुई’ टोचणे, हा प्रसंग सर्वात जास्त सांभाळायचा.

चुकून औषध गेलेच तर काही तासांत, क्वचित एक-दोन दिवसांत लक्षणे दिसतात. लाळ गळते, बाहुल्या मोठ्या होतात, मागचे पाय लटपटतात, दिसेनासे होते, अंगाला कंप सुटतो, शेवटी शुद्ध हरपते. घरी उलटी करवत बसू नये. औषधाची बाटली किंवा गोळ्यांचे पाकीट सोबत घेऊन तडक रुग्णालय गाठावे. रात्री कोणता दवाखाना उघडा असतो, हेब्बाळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आपल्या घरापासून किती लांब आहे, हे आधीच पाहून ठेवावे. या विषावर खास उतारा नाही. सलाइन, लागलाच तर कृत्रिम श्वास, डोळ्यांना मलम, दर काही तासांनी कूस बदलणे अशी निव्वळ सेवाच करावी लागते. ती काही दिवस, कधी दोन-तीन आठवडेही चालते. पण ज्यांची एवढी सेवा होते त्यातले बरेच कॉली पुन्हा उभे राहतात. आंधळा झालेला वाटणारा कुत्रा एके सकाळी आवाजाच्या दिशेने मान वळवतो. तोवर त्याला ‘आता काही उपयोग नाही’ म्हणून सोडून देऊ नये.